विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. त्यात आठ जीबी रॅम आहे, मूळची हार्ड डिस्क काढून मागाहून एसएसडी बसवलेली आहे, आणि कीबोर्डवरची दोन-चार अक्षरे पुसट झाली आहेत एवढे सोडले तर त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तरीही विंडोज ११ च्या लेखी तो बाद ठरला, कारण इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, काही मोजके अपवाद वगळता, त्या प्रणालीच्या यादीत बसत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. घरगुती वापरकर्त्यांसाठी आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा-अपडेट घेण्याची सोय जाहीर झाली होती, पण ती घेऊन प्रश्न सुटणार नव्हता, तो फक्त वर्षभर पुढे ढकलला जाणार होता. चालते-बोलते यंत्र अडगळीत टाकणे जिवावर आले, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट २२.२ बसवले, आणि तेव्हापासून मराठी मजकुराचे संपादन, मुद्रितशोधन, पत्रव्यवहार व हिशेब हे माझे सगळे काम त्याच्यावर चालू आहे. प्रणाली बदलायला मला एक संध्याकाळ लागली आणि कागदपत्रे मार्गी लागायला तीन आठवडे. या अभिप्रायातही साधारण त्याच प्रमाणात लिहिले आहे.

लिनक्स घ्यायचे म्हणजे नेमके काय घ्यायचे, हा प्रश्न नवख्या माणसाला पहिल्याच पायरीवर अडवतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेला लिनक्स हा खरे तर केवळ गाभा, म्हणजे कर्नेल आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातली साधने आणि इतर असंख्य प्रकल्पांतली सॉफ्टवेअर त्या गाभ्याभोवती रचून वेगवेगळे गट आपापली वितरणे तयार करतात. मिंट हे क्लेमाँ लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेले असेच एक वितरण असून ते उबंटू या दुसऱ्या वितरणावर आधारलेले आहे, आणि उबंटू डेबियन या तिसऱ्यावर. ही वंशावळ उगाच सांगत नाही. मिंटवर एखादी अडचण आली आणि तिच्यावरचा उपाय मिंटच्या नावाने सापडला नाही, तर उबंटू २४.०४ साठी लिहून ठेवलेला उपाय बहुधा जसाच्या तसा लागू पडतो, कारण मिंट २२ या मालिकेचा पाया तोच आहे. या मालिकेला सुरक्षा-अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत, म्हणजे माझ्या लॅपटॉपची तेराव्या वर्षापर्यंतची सोय झाली. मिंटच्या आवृत्त्यांपैकी मी सिनॅमन निवडली, कारण तिची मांडणी विंडोजची सवय असलेल्या हाताला परकी वाटत नाही: खाली पट्टी, तिच्या डाव्या टोकाला मेनू, उजव्या टोकाला घड्याळ. ज्यांच्या यंत्रात जेमतेम दोन-चार जीबी रॅम आहे त्यांनी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी.

बसवण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय हीच आहे. तीन जीबीच्या आसपासची एकच फाइल उतरवायची, ती पेनड्राइव्हवर विशिष्ट पद्धतीने लिहायची आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. आतल्या डिस्कला हात लागत नाही आणि यंत्र बंद केले की मागे काही उरत नाही. उतरवलेली फाइल अस्सल आहे की नाही हे मात्र तपासूनच पुढे जावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडचा दुवा चोरवाट बसवलेल्या फाइलकडे वळवण्यात आला होता, आणि तो प्रकार मिंटच्या चालकांनी स्वतःच जाहीर केला होता. संकेतस्थळावर दिलेली चौसष्ट अक्षरांची एसएचए-२५६ ची ओळ, म्हणजे फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, आपल्या फाइलवरून काढलेल्या ओळीशी जुळवणे हे दोन मिनिटांचे काम आहे. तिच्यावरची डिजिटल स्वाक्षरी तपासली तर अधिक चांगले, कारण संकेतस्थळच कोणाच्या ताब्यात गेले तर ती ओळही बदलता येते.

पेनड्राइव्हवरून मिंट बरेच संथ चालते, त्यामुळे वेगावरून मत बनवण्यात अर्थ नाही. तिथे पाहायचे ते आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, झाकण मिटल्यावर यंत्र झोपते का आणि झाकण उघडल्यावर नीट जागे होते का, प्रिंटर ओळखला जातो का, आणि वाय-फाय. माझ्याकडे सगळे चालले, एक वाय-फाय सोडून. लॅपटॉपमधल्या चिपला निर्मात्याचे स्वतःचे बंदिस्त ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर, लागते आणि ते मुळात प्रणालीत अंतर्भूत नव्हते. इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवे आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे, असा तो पेच होता. तो सुटला फोनमुळे: फोन केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय, सुरू केले की मिंटला ती तारेची जोडणी वाटते आणि काहीही न बसवता इंटरनेट सुरू होते. ही युक्ती आधी ठाऊक असती तर माझी ती दुपार वाया गेली नसती.

प्रत्यक्ष बसवणे सोपे आहे. भाषा, कीबोर्ड, डिस्कवरची जागा, वेळ, नाव आणि पासवर्ड एवढेच प्रश्न विचारले जातात आणि माझ्या यंत्रावर वीसेक मिनिटांत काम आटोपले. अडचणी आल्या त्या अलीकडच्या आणि पलीकडच्या. मी विंडोज पूर्णपणे न काढता तिला डिस्कचा एक भाग ठेवायचे ठरवले होते, आणि तसे करणाऱ्याने विंडोजमध्ये असतानाच दोन गोष्टी करायला हव्यात. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, आणि फास्ट स्टार्टअप बंद करावे. पहिली गोष्ट मी केली, दुसरी विसरलो. फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज बंद होते ती अर्धवट झोपेच्या अवस्थेत, आणि अशा अवस्थेतल्या एनटीएफएस पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या विंडोजच्या पद्धतीने मांडलेल्या भागावर, लिहिणे धोक्याचे असल्याने मिंट ते केवळ वाचण्यापुरते उघडते. परिणामी माझ्या फाइली डोळ्यांना दिसत होत्या, पण त्यांतला एक स्वल्पविरामही बदलता येईना. दोष माझ्या विसरण्याचा होता. विंडोजमध्ये जाऊन तो पर्याय बंद केल्यावर सगळे सुरळीत झाले. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवणाऱ्यांना घड्याळही गोंधळात टाकू शकते, कारण विंडोज यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळ. त्यावर टर्मिनलमधल्या, म्हणजे आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीतल्या, एका ओळीचा उपाय आहे.

पलीकडची अडचण म्हणजे निळा पडदा. सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी व्यवस्था, चालू असलेल्या यंत्रावर बाहेरचे ड्रायव्हर बसवायचे तर त्याला मान्यता द्यावी लागते. ड्रायव्हर मॅनेजरमधून वाय-फायचे ड्रायव्हर बसवताना मला एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगण्यात आले, आणि यंत्र पुन्हा सुरू होताना निळ्या पार्श्वभूमीवर जुन्या धाटणीच्या अक्षरांत सूचना आली की दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबा. माझा समज झाला की काहीतरी बिघडले, आणि मी हात आवरून बसलो. दहा सेकंद संपली, यंत्र सुरू झाले आणि वाय-फाय होते तसेच बंद. दुसऱ्या खेपेला कळ दाबली, आलेल्या यादीतून मान्यतेची नोंद करणारा एनरोल एमओके हा पर्याय निवडला, तो पासवर्ड दिला आणि वाय-फाय जे सुरू झाले ते आजतागायत चालू आहे. मिंटने हा प्रसंग नवख्या माणसाला आधी नीट समजावून सांगायला हवा. इतक्या निगुतीने तयार केलेल्या प्रणालीत माणूस घाबरून माघार घेईल असे एवढे एकच ठिकाण मला आढळले.

आता कागदपत्रांविषयी. मिंटसोबत लिबरऑफिस येते, आणि साधी पत्रे, साधे तक्ते, हिशेबाच्या वह्या त्यात बिनतक्रार उघडतात. माझी घसरगुंडी झाली ती मांडणीत. एका ९६ पानी स्मरणिकेची वर्डमध्ये तयार केलेली फाइल उघडली तर ती १०१ पानांची झाली होती, अनुक्रमणिकेतले आकडे चुकत होते आणि दोन छायाचित्रे आपापल्या परिच्छेदांपासून फारकत घेऊन पानाच्या तळाशी जाऊन बसली होती. प्रथम मी लिबरऑफिसला बोल लावला, पण पुष्कळसा दोष फाँटचा निघाला. मूळ मजकूर मंगल या मायक्रोसॉफ्टच्या फाँटमध्ये होता. तो मिंटवर नसल्याने त्याच्या जागी दुसरा देवनागरी फाँट आला, त्याची रुंदी आणि दोन ओळींमधली उंची वेगळी, आणि प्रत्येक पानावर वाढलेली एखादी ओळ शेवटी पाच पानांवर गेली. रोमन लिपीसाठी हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे, कारण कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कँब्रियाच्या जागी कॅलाडिया आणि एरियल व टाइम्स न्यू रोमन यांच्या जागी लिबरेशन मालिकेतले फाँट तंतोतंत त्याच रुंदीचे असतात, म्हणून ओळी हलत नाहीत. मंगलसाठी असा जुळा फाँट माझ्या पाहण्यात आला नाही. शेवटी मी चालू कामाच्या सगळ्या फाइली नोटो किंवा मुक्ता या मुक्त परवान्याच्या फाँटमध्ये बदलून घेतल्या आणि ज्यांच्याशी फाइलींची देवाणघेवाण होते त्यांनाही तेच फाँट बसवायला सांगितले. तीन आठवडे गेले ते मुख्यतः यात. हे काम विंडोजवर असतानाच, हळूहळू, महिना-दोन महिन्यांत उरकून घेतले असते तर इकडे आल्यावर काही जाणवलेही नसते, असे आता वाटते.

युनिकोडच्या आधीच्या काळातल्या फाइली हे वेगळेच दुखणे आहे. त्यांत दिसते मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. तो विशिष्ट फाँट असेल तरच मजकूर वाचता येतो. फाँट मिंटवर नेऊन बसवला तर वाचनापुरते काम भागते, मात्र त्या मजकुरात भर घालायची तर त्या फाँटचे टंकलेखन सॉफ्टवेअर हवे आणि ते फक्त विंडोजवर चालते. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनची मदत घेऊन पाहिली. सॉफ्टवेअर उघडले, खिडकी दिसली, पण कळा दाबल्या तरी अक्षरे उमटेनात. त्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हाच मार्ग आहे, आणि रूपांतर झाल्यावर त्या पुन्हा ओळ न ओळ वाचाव्या लागतात, कारण रफार आणि पहिली वेलांटी या दोन ठिकाणी रूपांतरक हमखास चुकतात.

मराठी टंकलेखनाबाबत मी साशंक होतो, पण इथे मिंटने मला सुखद धक्का दिला. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या भागात जाऊन मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची प्रमाण मांडणी, जोडला की वेगळे काही बसवावे लागत नाही, आणि भाषा बदलण्यासाठी कोणत्या दोन कळा वापरायच्या हे आपल्याला ठरवता येते, त्यामुळे बोटांची जुनी सवय मोडावी लागली नाही. ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ लिहिताना लागणारा अर्धा ऱ हा मी कोणत्याही नव्या यंत्रावर पहिल्यांदा तपासतो: शिफ्टसह र ची कळ, मग हलन्त, मग य. तो मिंटवर ब्राउझरमध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि फाइलींच्या नावांतही चोख उमटला. मराठी वळणाचा ल आणि श मात्र आपोआप येत नाहीत. फाँटमध्ये ती रूपे अंतर्भूत असतील तर लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडावी लागते. हिंदी निवडलेली राहिली तर तोच फाँट हिंदी वळणाची अक्षरे दाखवतो. हा बारकावा मला कोणी सांगितला नव्हता, आणि आपण पाहतो आहोत तो फाँट भलताच आहे असे समजून मी एक दिवस चांगले चार फाँट काढून टाकले. रोमन कळांनी उच्चारानुसार टंकलेखन करणाऱ्यांना टंकलेखनाच्या पद्धती पुरवणारे आयबस किंवा एफसीआयटीएक्स बसवून त्यात मराठीची पद्धत जोडावी लागेल. तेही जमते, पण इनस्क्रिप्टइतके विनासायास नाही. मेनूंसाठीही मराठी निवडता येते, परंतु भाषांतर अर्धेमुर्धे असल्याने एकाच यादीत तीन ओळी मराठी आणि दोन इंग्रजी असे दृश्य दिसते. मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला ते सोसवत नाही. मी मेनू इंग्रजीतच ठेवले आहेत.

रोजच्या वापरात प्रणाली जवळजवळ विसरली जाते, आणि यापेक्षा मोठी पावती मी तिला देऊ शकत नाही. अपडेट आली की पट्टीवरच्या ढालीच्या चिन्हावर ठिपका दिसतो. ती कधी घ्यायची हे मी ठरवतो, आणि काम अर्ध्यात असताना यंत्र आपणहून पुन्हा सुरू झाल्याचा प्रसंग एकदाही आला नाही. प्रणालीच नव्हे, तर ब्राउझर, लिबरऑफिस, पीडीएफ वाचक अशा सगळ्यांची अपडेट एकाच जागी मिळतात. सॉफ्टवेअर बसवायचे तर कोणत्याही पानावरून फाइल उतरवून ती चालवायची ही जुनी सवय सोडावी लागते. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधायचे आणि बटण दाबायचे. टर्मिनलची भीती अनेकांना असते, परंतु आठ महिन्यांत मी ते उघडले असेल पाच-सहा वेळा, तेही बहुतेकदा कुतूहलापोटी. वापरासाठी कोणत्याही कंपनीचे खाते उघडावे लागत नाही, आणि मेनूमध्ये जाहिराती नाहीत.

एकदा कर्नेलच्या अपडेटनंतर आवाज गेला. विंडोजवर अशा वेळी मी ओळखीतल्या जाणत्या माणसाकडे धाव घेतली असती. इथे सुरुवातीच्या मेनूतून आधीचे कर्नेल निवडले, आवाज परत आला, आणि काही आठवड्यांनी आलेल्या पुढच्या अपडेटमध्ये दोष दुरुस्त झालेला होता. जुने कर्नेल नव्याच्या जोडीला शिल्लक राहते, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. याखेरीज टाइमशिफ्ट नावाचे साधन ठरावीक दिवसांनी प्रणालीची नोंद ठेवते आणि काही बिघडले तर आधीच्या स्थितीत नेते. मात्र टाइमशिफ्ट म्हणजे बॅकअप नव्हे: ते प्रणालीच्या फाइली राखते, आपली कागदपत्रे सहसा त्यात येत नाहीत. नावावरून अनेकांची फसगत होण्याजोगी आहे, म्हणून कागदपत्रांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेत राहावे.

वेगाबद्दल बढाया मारण्यासारखे काही नाही. एसएसडीमुळे विंडोज १० ही ठीकच चालत होते. मिंट त्याहून चपळ आहे, पण डोळे दिपावेत इतके नाही. पंख्याचा आवाज मात्र नक्की कमी झाला आहे. बॅटरी सुरुवातीला पूर्वीपेक्षा लवकर उतरत होती, ती पडद्याचा उजेड आणि विजेच्या वापराचा पर्याय बदलल्यावर पूर्वपदावर आली. प्रिंटर आपोआप ओळखला गेला. स्कॅनर ओळखला गेला, पण त्याच्या सोबतचे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी उपलब्ध नसल्याने दोन्ही बाजू एकदम स्कॅन करण्याच्या सोयीला मला मुकावे लागले, आणि ती मी रोज चुकचुकत आठवतो.

कोणी घेऊ नये, हेही स्पष्ट सांगायला हवे. ज्यांची रोजीरोटी फोटोशॉप, ऑटोकॅड किंवा एक्सेलमधल्या गुंतागुंतीच्या मॅक्रोंवर अवलंबून आहे, त्यांनी केवळ तत्त्वासाठी हा बदल करू नये. गिंप, इंकस्केप, क्रिटा ही चित्रकामाची सॉफ्टवेअर उत्तम आहेत, पण ती स्वतःच्या पद्धतीने शिकावी लागतात आणि समोरच्याने त्याच्या सॉफ्टवेअरमधली फाइल तशीच परत मागितली तर पंचाईत होते. व्हॅल्व्ह या खेळ बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉन या साधनामुळे विंडोजचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालू लागले आहेत, तरी फसवणूक रोखण्यासाठी कर्नेलमध्ये शिरणारी यंत्रणा वापरणारे काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत. मी खेळत नसल्याने याहून अधिक लिहीत नाही. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार, लेखन आणि साध्या तक्त्यांपुरते आहे त्यांनी पेनड्राइव्हवरून आठवडाभर काम करून पाहावे, आणि त्या आठवड्यात स्वतःच्या वीस-पंचवीस अवघड फाइली मुद्दाम उघडून पाहाव्यात. सोप्या फाइली उघडून काहीच कळत नाही.

मिंट विनामूल्य मिळते, आणि त्याचा खर्च प्रामुख्याने देणग्यांवर व पुरस्कर्त्यांवर भागतो. तिसऱ्या महिन्यात मीही माझा वाटा पाठवला. डिस्कवर विंडोजसाठी राखलेली साठ जीबी जागा अजून तशीच आहे. तिथे ते जुने टंकलेखन सॉफ्टवेअर आहे आणि रूपांतर न झालेल्या एकेचाळीस फाइली आहेत. आठवड्याला दोन-तीन या गतीने त्या संपत आहेत, आणि संपल्या की ती जागा मी मिंटला देणार आहे.